बिऱ्हाड हलविण्यापूर्वी
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या मराठीत घर आणि बिऱ्हाड असे दोन वेगळे शब्द आहेत. घर जागेवर राहते, बिऱ्हाड हलते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ही म्हण अर्धीच सांगितली जाते. विंचवाची मादी आपली पिल्लेसुद्धा पाठीवरच घेऊन फिरते. बिऱ्हाड हलविताना ती एकही पिल्लू मागे टाकीत नाही. आपण माणसे मात्र ट्रकमध्ये कपाट, पलंग, पिठाचा डबा सर्व मोजून चढवितो आणि एखादे मूल वाटेत हरवून बसतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. शाळेच्या कार्यालयात बसून दरवर्षी जे दिसते तेच सांगत आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातून कुटुंबे सतत बाहेर पडत असतात. कोणी सिरोंचा-अहेरीहून चंद्रपूरला, कोणी देसाईगंज, राजुरा, बल्लारपूरहून नागपूरला जातो. कोणी थेट हैदराबाद किंवा पुणे गाठतो. कारणे तुम्हांला ठाऊक आहेत. मुलाला पुढचे शिक्षण हवे असते. घरात कोणाला मोठ्या इस्पितळाची गरज पडते. खाणीतली वा वीज केंद्रातली नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते. लाकूड-बांबूचा, तेंदूपत्त्याचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही. यांत लाजिरवाणे काही नाही. पोटासाठी व शिक्षणासाठी माणूस नेहमीच हलत आला आहे. प्रश्न हलण्याचा नाही, कसे हलायचे याचा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत शाळा सोडल्याचे दाखले मागायला पालक येतात. आम्ही दाखला देतो. त्यानंतर नवीन शाळेने शासनाच्या ‘सरल’ या संगणक प्रणालीवर त्या मुलाची मागणी करायची आणि आम्ही ती मंजूर करायची, अशी हल्लीची पद्धत आहे. बहुतेकांची मागणी जुलै-ऑगस्टपर्यंत येते. काहींची येतच नाही. दिवाळी होते, सहामाही परीक्षा होते, तरी ते नाव आमच्याच यादीत लोंबकळत राहते. म्हणजे मूल इथून गेले, पण तिथे पोहोचले नाही. अशी नावे माझ्या पाहण्यात मुलींचीच अधिक आली, आणि तीही सातवी, आठवी, नववीतल्या.

एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. दोन मुलगे, मधली मुलगी. वडिलांना नागपुरात काम मिळाले. जुलै अर्धा सरल्यावर सामान हलले. दोघा मुलग्यांना घरापासून जवळच्या शाळेत जागा मिळाली. मुलगी आठवीत जाणार होती. तिच्यासाठी जी शाळा सापडली ती मोठा रस्ता ओलांडून, दोन किलोमीटरवर. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. आई आजारी होतीच, घरात काम होतेच. पुढचे वर्ष आले, तेव्हा मुलीलाच शाळेत जाण्याचा संकोच वाटू लागला, कारण तिच्या वयाच्या मुली एक इयत्ता पुढे गेल्या होत्या. या घरात कोणी वाईट नव्हते. मुलीचे शिक्षण थांबवावे असा निर्णयसुद्धा कोणी घेतला नव्हता. फक्त कोणी आधी विचार केला नव्हता.

कायदा म्हणाल तर तो मुलांच्या बाजूने उभा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवून धरता येत नाही. जुलैत गेलात तरी प्रवेश मिळू शकतो. मग अडते कुठे? अडते ते आपल्याच घरात, सामानाचा विचार आधी आणि मुलांचा नंतर होतो म्हणून.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही इतिहासात एक स्थलांतर शिकला आहात. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून आपल्या मराठी मुलखातल्या देवगिरीस हलविली व तिचे नाव दौलताबाद ठेवले. सुलतान वेडा होता असे आपण हसून म्हणतो, पण त्याने वाटेची तयारी कमी केली नव्हती. रस्ता बांधला, झाडे लावली, मुक्कामाच्या जागा केल्या. ज्यांनी जायचे त्यांची मर्जी मात्र विचारली नाही. काही वर्षांतच लोकांना परत जाण्याची मुभा द्यावी लागली. याच्या उलट आपल्या चांद्याची दंतकथा पाहा. गोंड राजांची राजधानी आधी सिरपूर, मग बल्लारपूर. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी व फोड होते. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला पाणी सापडले, त्या पाण्याने त्याला आराम पडला, आणि राणीच्या सल्ल्याने तिथेच नवे नगर वसवायचे ठरले. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या वाटेने कोटाची आखणी झाली, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. कोट पुढच्या पिढ्यांनी पूर्ण केला. जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर, बिनबा ही त्याचीच दारे. कथेतले खरे-खोटे बाजूला ठेवा. तिचा क्रम मला आवडतो: आधी पाणी पाहिले, मग घरातल्या बाईचे ऐकले, आणि भिंत सर्वांत शेवटी.

आपल्या जंगलात सबंध गावे हलल्याचीही उदाहरणे आहेत. ताडोबाच्या राखीव क्षेत्रातील बोटेझरी व कोळसा येथील कुटुंबांचे २००७ च्या सुमारास मूल तालुक्यात पुनर्वसन झाले. त्या कामात पहिली पायरी यादीची असते. कुटुंबात कोण कोण, वय किती, जमीन किती, कागद कोणते, हे लिहून काढल्याशिवाय एक बैलगाडीदेखील हलत नाही. पुनर्वसनाला वनखाते असते, तहसीलदार असतात. आपल्या एका घराच्या स्थलांतराला कोणतेच खाते नाही. म्हणून यादी आपणच करायची. घरातल्या प्रत्येक माणसाला वहीचे एक पान द्या, आजीलासुद्धा. पानाच्या डोक्यावर नाव, खाली त्या माणसाचे नव्या शहरात काय काय लागेल ते. हे काम निघण्याच्या एक वर्ष आधी सुरू करा. वर्ष हा मुदतीचा आकडा मी उगाच सांगत नाही. पुढे कागदांचे बोलेन तेव्हा तो पटेल.

आधी तारीख ठरवू. पुष्कळ घरांत तारीख ठरते ती ट्रकवाल्याच्या सोयीने किंवा घरमालकाच्या सांगण्यावरून. ती ठरावी घरातल्या अशा मुलाकडे पाहून, ज्याची शाळा बदलणे सर्वांत अवघड आहे. नववी झालेल्या मुलाला दहावीसाठी नव्या शाळेत टाकू नका. शक्य असेल तर दहावी इथेच होऊ द्या. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अहेरीत बसून नागपूरच्या महाविद्यालयाचा पसंतीक्रम भरता येतो. तेव्हा कुठे जागा मिळाली ते कळल्यावर घर शोधावे. घर आधी आणि कॉलेज नंतर, असे केल्यास मुलाचे रोजचे दोन तास बसमध्ये जातात. पाचवी ते दहावीच्या दरम्यान माध्यमही बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे बरीच मुस्लिम मुले मराठी माध्यमात शिकतात, कारण गावात उर्दू शाळा नसते. नागपुरात गेल्यावर मोहल्ल्यातच उर्दू शाळा दिसते आणि आठवीतल्या मुलाला तिकडे वळविण्याचा मोह होतो. उर्दू अवश्य शिकवा, घरी शिकवा, संध्याकाळी शिकवा. पण ज्या मुलाने विज्ञान-गणिताचे शब्द सात वर्षे मराठीत पाठ केले, त्याला आठवीत ते सारे पुन्हा नव्याने शिकायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मराठी किंवा उर्दूतून इंग्रजीत टाकणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे.

आणखी एक लहान गोष्ट. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पुण्या-मुंबईकडे त्या जूनच्या मध्यालाच सुरू होतात. पुण्याला जाणारे कुटुंब आपल्या इथल्या सवयीने निघाले तर मुलाचे पहिले दहा-बारा दिवस बुडालेच. पाऊसही लक्षात घ्या. भामरागडकडच्या लोकांना मी काय सांगावे? पर्लकोटेला पूर आला की गावच तुटते, तिथे ट्रक कुठला! सामान मेअखेरीस निघालेले बरे. तेंदूपत्त्याच्या हंगामात ज्यांचा हिशेब अडकलेला असतो त्यांनी घरातल्या एका माणसाला मागे ठेवावे, पण मुलांना ठेवू नये.

आता कागदपत्रे. इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माणूस नव्या शहरात घर शोधू शकतो, काम शोधू शकतो, पण जुन्या गावचा कागद नव्या शहरात मिळत नाही. तो जिथे जन्मला तिथेच मिळतो. तुम्ही इथे आहात तोवर तो एका सायकलफेरीत मिळेल; नागपूरला गेल्यावर त्यासाठी दोन दिवसांची मजुरी, बसभाडे आणि साहेब जागेवर असतील की नाही ही धाकधूक.

सर्वांत आधी नाव. आपल्या विदर्भात नाव लिहिण्याची जुनी रीत आहे. समजा मुलाचे नाव रहीम व बापाचे करीम, तर शाळेत लिहिले जाते ‘शेख रहीम शेख करीम’. आधार कार्डावर तेच होते ‘रहीम करीम शेख’, आणि बँकेत ‘रहीम शेख’. मुलींच्या बाबतीत कुठे ‘परवीन’, कुठे ‘परवीन बी’, कुठे ‘परवीन बानो’. आपल्या गावात तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ओळखतात, त्यामुळे हे तिघे एकच माणूस आहेत हे सांगावे लागत नाही. परक्या शहरातल्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ते तिघे वेगळे वाटतात, आणि त्याचा तरी काय दोष? शाळेच्या रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख किंवा जात यांतील चूक मूल शाळेत असेपर्यंत पुराव्यासह अर्ज करून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होऊ शकते. एकदा का दाखला घेऊन मूल शाळेबाहेर पडले की मग ती नोंद बदलणे अतिशय कठीण. म्हणून शाळा सोडण्याच्या निदान सहा महिने आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर ही तीन नावे एका ओळीत लिहून पाहा. अक्षर अन् अक्षर जुळते का? जन्माची नोंदच झाली नसेल तर तेही काम इथेच करायचे. नोंद एकवीस दिवसांत करायची असते. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

दुसरा कागद जातीच्या दाखल्याचा. मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले वाडवडील महाराष्ट्रात कुठे राहत होते याचा पुरावा लागतो, आणि दाखला सामान्यतः त्या मूळ गावच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यायचा असतो. छप्परबंदांसारख्या विमुक्त जातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. तुम्ही नागपुरात वीस वर्षे राहिलात तरी आजोबांचे गाव बदलत नाही. पुढे बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला जायचे तर त्या दाखल्याची पडताळणी लागते. तिथे पुन्हा आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा किंवा तहसिलातून कोतवाल बुकाची नक्कल मागतात. ही रजिस्टरे जुनी झाली आहेत. काहींना वाळवी लागली, काहींची पाने पावसाने चिकटली. मागाल तितक्या लवकर बरे.

यात आपल्या दोन जिल्ह्यांचा म्हणून एक खास गुंता आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. चंद्रपूरचे नावही १९६४ च्या सुमारापर्यंत चांदा होते. आणि १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता. तेव्हा एकाच घरात नातवाच्या कागदावर ‘जि. गडचिरोली’, बापाच्या कागदावर ‘जि. चंद्रपूर’ आणि आजोबांच्या कागदावर ‘जि. चांदा, मध्यप्रदेश’ असे दिसते. कुटुंब एका मोहल्ल्यातून कधी हलले नाही, पण कागदावर मात्र तीन जिल्हे व दोन राज्ये फिरून आले! इथल्या कार्यालयात हे सर्वांना ठाऊक असते. बाहेरच्या शहरात ते समजावून सांगावे लागते. अर्जासोबत तशी एक ओळ लिहून जोडावी.

राजुऱ्याकडच्या लोकांची गोष्ट याहून निराळी. तो तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये नांदेडकडे गेला, १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. त्या काळचे महसुली कागद उर्दूत आहेत. आज घरातल्या दादाजानना ते वाचता येतात, नातवाला येत नाहीत. पेटीतून ते कागद बाहेर काढा, दादाजानना चष्मा लावून द्या, आणि त्यांनी वाचलेले समोर बसून मराठीत लिहून घ्या. कार्यालयाला अधिकृत भाषांतरच लागेल, हे खरे. पण कोणता कागद कशाचा आहे एवढे तरी घराला कळेल. वाचणारा माणूस आज आपल्यात आहे, ही सवड फार मोठी आहे.

सिरोंचा भागातील पालकांना एक इशारा मुद्दाम देतो. गोदावरीवरचा पूल झाल्यापासून तेलंगणा तुमच्या दारात आहे. घरात तेलुगू बोलली जाते, नातेवाईक करीमनगर-वारंगळ-हैदराबादेत आहेत, तेव्हा दहावीनंतर मुलाला तिकडे घालणे साहजिक वाटते. पण मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करायचे मनात असेल तर थांबा. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडल्यास, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागतात व अधिवास लागतो. तेलंगणात स्थानिक विद्यार्थी धरले जाण्यासाठी बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तिथे शिकलेले असावे लागते. दहावी इकडे आणि बारावी तिकडे केलेले मूल इकडचेही राहत नाही, तिकडचेही होत नाही. मग उरतो तो देशभराचा कोटा, जिथे स्पर्धा अति कडक. एकतर नववीपासून तिकडे जा, नाहीतर बारावी इकडेच करा. मधला रस्ता नाही.

घराच्या शोधाविषयी बोलताना एक गोष्ट व्यासपीठावरून सहसा बोलली जात नाही. मी बोलतो, कारण तीही नियोजनात धरावी लागते. शहरात खोली पाहायला गेल्यावर कधी कधी नाव विचारले जाते, आणि नाव ऐकल्यावर खोली नुकतीच दिली गेलेली असते. याने मन खट्टू होते, हे मी जाणतो. परंतु रागाने किंवा घाईने घेतलेले घर मुलांना भोवते. म्हणून घर शोधण्याला एक रविवार पुरेल असे धरू नका. दोन-तीन फेऱ्या धरा. ओळखीतून जा. ओळख आपल्याच बिरादरीची हवी असे नाही. चंद्रपूरला तुमच्या शेजारी राहिलेले गुरुजी, बदलून गेलेले डॉक्टर, खाणीतला जुना सहकारी, यांना आधी पत्र किंवा फोन करा. त्यांच्या एका शब्दाने बंद दारे उघडलेली मी पाहिली आहेत. आपले बहुतेक लोक मोमिनपुरा, जाफरनगर, ताजबाग या बाजूंना जातात. आपल्या माणसांत राहण्याचा आधार मोठा असतो, विशेषतः पहिल्या वर्षी. तरीही मोहल्ला ठरविण्यापूर्वी घरातल्या मुलीला बरोबर घेऊन घरापासून शाळेपर्यंत एकदा पायी चालून पाहा, आणि तेही शाळेच्या वेळेला. वाटेत मोठा रस्ता किती ठिकाणी लागतो, संध्याकाळी ती एकटी परत येऊ शकेल का, हे बापाने दुकानावर बसून ठरवू नये. नळाला पाणी किती वाजता येते हे मात्र घरातल्या बाईने विचारावे. पुरुष ते विचारायला विसरतात.

भाडेकराराची नोंदणी करून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. घरमालक टाळाटाळ करतात, आपणही हजार-दोन हजार वाचले म्हणून गप्प बसतो. पण शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांसाठी धाकट्याचा अर्ज भरायला गेलात की राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात, आणि तोही अर्ज सुरू होण्यापूर्वीच्या तारखेचा.

पैशाचा हिशेब समजा असा मांडला. भाडे महिना ८,००० रुपये, तीन महिन्यांची अनामत २४,०००, दलालाचे ८,०००, पहिल्या महिन्याचे भाडे ८,०००, ट्रक व हमाली १५,०००, मुलांची पुस्तके, गणवेश, फी मिळून १०,०००. हे झाले ६५,०००. शिवाय नव्या जागी काम बसेपर्यंत दोन महिने चूल पेटती ठेवायला महिना २०,००० प्रमाणे ४०,०००. म्हणजे लाखाच्या वर गेले. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ओळी याच राहतील. बहुतेक घरांत पहिली ओळ लिहिली जाते, शेवटची लिहिली जात नाही, आणि त्या दोन महिन्यांत मुलाच्या फीचे पैसे किराण्यात जातात. इथले घर पहिल्या वर्षी विकू नका. कुलूप लावा किंवा भाड्याने द्या, पण ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची कर पावती चालू ठेवा. परतावे लागले तर छप्पर राहील आणि रहिवासाचा पुरावाही.

काही घरे निम्मीच हलतात. बाप कामासाठी चंद्रपुरात, आई मुलांना घेऊन नागपुरात. दोन चुली आल्या की खर्च दीडपट होतो, हे खरेच. परंतु मुलाचे शेवटचे एक-दोन वर्ष असेल तर हा मार्ग वाईट नाही. अशांना रेशनची काळजी वाटते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ ही योजना २०१९ साली महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून सुरू झाली व नंतर देशभर लागू झाली. प्राधान्य व अंत्योदय कार्डधारकाला अंगठा लावून दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मिळते, आणि कुटुंब दोन ठिकाणी असेल तर काही इकडे, काही तिकडे उचलता येते. तेव्हा कार्ड बदलण्याच्या मागे पहिल्याच महिन्यात धावू नका. गॅसची शेगडी मात्र न्या आणि सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून बदलीचे व्हाउचर घ्या. मतदारयादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरतात. तिथे नमुना ६ भरून नवे नाव घातले तर नाव दोन याद्यांत येते, ते कायद्याला मान्य नाही.

म्हाताऱ्या माणसांचे कोण बोलणार? श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्या आजीचा हयातीचा दाखला आणि बँकेची शाखा यांची व्यवस्था निघण्यापूर्वी लावा. तिचे औषधाचे कागद वेगळ्या पिशवीत, हातात. आणि तिला विचारा. जाण्याचे सगळ्यांत शेवटी कळते ते तिला, आणि नव्या शहरात दिवसभर घरात बसून राहावे लागते तेही तिलाच. तुघलकाची चूक आपण घराघरांत करीत असतो.

सगळ्यांनीच जावे असे मी म्हणत नाही. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, २०१५ पासून चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी जे नागपूरला गेल्याशिवाय मिळत नव्हते त्यातले पुष्कळसे आता एका बसच्या अंतरावर आले आहे. एका मुलासाठी वसतिगृह पुरत असेल तर सहा माणसांचे बिऱ्हाड उचलण्याचे कारण नाही. वहीची पाने भरली की हेही आपोआप समोर येते. काही घरांनी वही लिहून झाल्यावर जाणे रद्द केले आहे.

ज्यांचे जायचे ठरले आहे त्यांच्यासाठी एवढीच सूचना. शाळेचे कार्यालय मे महिन्यातही सकाळी आठ ते अकरा उघडे असते. जुन्या रजिस्टरचा उतारा हवा असल्यास आजोबांचे पूर्ण नाव, त्या वेळचे गाव आणि शाळेत घातल्याचे अंदाजे साल कागदावर लिहून आणा. जिल्हा चांदा असेल तर चांदाच लिहा. नावाच्या दुरुस्तीचा अर्ज करायचा असेल तर जन्मदाखला व आधार दोन्ही सोबत असू द्या. आणि अर्ज मुलीचा असेल तर मुलीलाही घेऊन या. तिचे नाव तिला कसे लिहून हवे आहे, ते तिलाच विचारून लिहू.